ओकोंक्वो वनवासात नव्हे, आजोळी गेला होता

इंग्रजी अभ्यास मंडळांचे सदस्य, प्रश्नपत्रिका काढणारे परीक्षक आणि गाईड लिहिणारे सहकारी यांस खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) ही इग्बो समाजातल्या ओकोंक्वो या नायकाची कादंबरी महाराष्ट्रातल्या इंग्रजीच्या वर्गांना नवी नाही. बीएला भेटली नाही तर एमएला भेटते, तिथेही चुकली तर नेट-सेटच्या तयारीत गाठते. तिच्यावरचे प्रश्नही मुलांना पाठ झालेत. त्यांतले दोन ठरलेले: 'ओकोंक्वोच्या हद्दपारीचे कादंबरीतील महत्त्व सांगा' आणि 'कादंबरीतील स्त्रियांचे स्थान स्पष्ट करा'. पुष्कळदा हे दोन्ही एकाच क्रमांकाखाली येतात, मध्ये 'किंवा' घालून. आमचं भांडण त्या 'किंवा'शी आहे.

कारण विद्यार्थी दोहोंतला एक सोडवतो. हद्दपारीचा घेतला तर उत्तरात एकही बाई येत नाही. मिशनरी येतात, ओकोंक्वोचा मुलगा न्वोये धर्म बदलतो, गाव बदलतं, संपलं. स्त्रियांचा घेतला तर दोन बायकांना झालेली मारहाण, बहुपत्नीत्व आणि ओकोंक्वोची लाडकी लेक एझिन्मा, एवढ्यात दोन पानं भरतात आणि उत्तर तेराव्या प्रकरणाशी थांबतं. पण या कादंबरीत बाईविषयीचं सगळ्यात स्पष्ट बोलणं येतं ते चौदाव्या प्रकरणात, म्हणजे हद्दपारीच्या पहिल्याच प्रकरणात. ते दोन्ही उत्तरांतून निसटतं.

थोडं तपशिलात शिरणार आहोत. पुस्तक हाताशी असेल तर उघडून ठेवा.

आधी एका शब्दाबद्दल. वर्गात मराठीतून समजावताना आणि गाईडांच्या मराठी टिपणांत हद्दपारीच्या सात वर्षांना सर्रास 'वनवास' म्हटलं जातं. शब्द कानाला लगेच पटतो आणि तिथेच घात होतो. वनवास म्हटलं की रान, पर्णकुटी आणि वचनापायी निघालेला निरपराध नायक डोळ्यांपुढे उभा राहतो. ओकोंक्वो रानात जात नाही. तो म्बांटाला जातो, आईच्या माहेरी. तिथे आईचा धाकटा भाऊ उचेंडू आहे, मामेभाऊ आहेत, आणि तीस वर्षांपूर्वी ओकोंक्वोच्या गावाहून, उमुओफियाहून, माहेरी आणून जिथे आईला पुरलं ती माती आहे. याला मराठीत शब्द आहे आणि तो कोणाला शिकवावा लागत नाही: आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीतलं लाडाकोडाचं आजोळ नव्हे हे खरं. पण हातून मनुष्यवध झालेला माणूस बायकापोरांसह रातोरात निघतो तेव्हा त्याने कुठे जायचं हे तिथल्या रिवाजाने आधीच ठरवून ठेवलेलं आहे. ती जागा बापाच्या नात्यातली नाही, आईच्या नात्यातली आहे. 'वनवास' म्हटलं की हा मुद्दाच नाहीसा होतो.

आता गुन्हा. इथे सगळ्यात मोठी चूक होते, म्हणून सांगतो: इकेमेफुनाला, दुसऱ्या गावाहून ओलीस आलेल्या आणि ओकोंक्वोच्याच घरी वाढलेल्या पोराला, मारलं म्हणून ओकोंक्वोला हद्दपार केलेलं नाही. इकेमेफुनाचा वध सातव्या प्रकरणात, हद्दपारी तेराव्यात. म्हाताऱ्या एझेउडूच्या अंत्यविधीत बंदुका उडवल्या जात असताना ओकोंक्वोची बंदूक फुटते आणि एझेउडूचा सोळा वर्षांचा मुलगा जागीच ठार होतो. (इकेमेफुनाच्या वधात हात घालू नकोस, तो तुला बाप म्हणतो, असं याच एझेउडूने बजावलं होतं. हा धागा दाखवा, पण कारण म्हणून मांडू नका.) अशा गुन्ह्याचे तिथे दोन प्रकार आहेत, नर आणि मादी. जाणून केलेला नर, अजाणता झालेला मादी. ओकोंक्वोचा मादी प्रकारचा, म्हणून जन्माची हद्दपारी नाही, सात वर्षांची. कोंबडा आरवायच्या आत गाव सोडायचं. सकाळी माणसं येऊन घरं जाळतात, लाल मातीच्या भिंती पाडतात, जनावरं मारतात, कोठार उद्ध्वस्त करतात. त्यांत त्याचा जिवलग मित्र ओबिएरिकाही असतो. कोणाच्या मनात राग नाही. जमीन विटाळली, ती शुद्ध करायची, इतकंच. आणि जमीन म्हणजे आनी, भूदेवी. गावाच्या नीतीचा निवाडा करणारी हीच.

फळ्यावर एका खाली एक लिहिलं तरी पुरे: गुन्हा मादी, न्याय देवीचा, आश्रय आईच्या माहेरी. ज्याने आयुष्यभर बायकी म्हणून जे जे असेल ते झिडकारलं, त्याच्या शिक्षेच्या तिन्ही बाजू बाईच्या आहेत. हे मुलांना सांगू नका, काढायला लावा. तीन ओळी लिहिल्या की वर्गातलं कोणीतरी काढतंच.

याच्या जोडीला 'अग्बाला' हा शब्द हवा. बाई, आणि एकही किताब न मिळवलेला पुरुष, असे त्याचे दोन अर्थ. लहानपणी सवंगड्याने बापाला, उनोकाला, अग्बाला म्हटलं तेव्हाच हे ओकोंक्वोला कळलं आणि तो डंख आयुष्यभर गेला नाही. गाईडं इथवर येतात. पुढचं येत नाही: डोंगरगुहेतल्या ज्या देवतेचा कौल घेतल्याशिवाय उमुओफिया लढाईलाही निघत नाही, तिचं नावही अग्बालाच. तिची पुजारीण चिएलो रात्री येऊन एझिन्माला पाठीवर टाकून नेते तेव्हा हा मर्दगडी विनवणीपलीकडे काही करू शकत नाही. कोयता घेऊन गुहेकडे खेपा घालत राहतो, चौथ्या खेपेला एझिन्माची आई एक्वेफी सापडते. शिवी आणि दैवत एकाच शब्दात. स्त्रियांवरचं उत्तर इथून सुरू झालं तर मारहाणीची यादी आपोआप आपल्या जागी बसते.

मारहाणीची जागा आहेच. ती टाळू नका, पण बायकांची नावं उलटसुलट होतात तेवढं पाहा. चौथ्या प्रकरणात शांतिसप्ताहात मार खाते ती धाकटी ओजिउगो. वेणी घालायला गेली आणि दुपारचं जेवण राहिलं म्हणून. दंड बसतो तो भूदेवीचा: एक शेळी, एक कोंबडी, कापडाचा एक तुकडा आणि शंभर कवड्या. पाचव्या प्रकरणातली एक्वेफी. केळीची चार पानं कापली म्हणून मार, आणि वर पुटपुटली म्हणून तिच्यावर बंदूक झाडली जाते. नेम चुकतो. त्याला मात्र दंड नाही. बायकोला मारण्याला दंड नसून देवीच्या सप्ताहाचा भंग करण्याला दंड आहे, हे विद्यार्थ्याच्या लक्षात आलं नाही तर पुढे 'माता श्रेष्ठ' हे वाक्य तो भाबडेपणाने वाचणार.

आता चौदावं प्रकरण. इथे घाई करू नका.

पहिलं, हिशोब. तिथलं याम म्हणजे आपलं रताळं नव्हे आणि सुरणही नव्हे. आपल्या बाजारातलं सगळ्यात जवळचं कोनफळ. ते बियांनी लावत नाहीत, बेण्याने लावतात, आणि कादंबरीतली सगळी मोजदाद या बेण्याची आहे. तिसऱ्या प्रकरणात तरुण ओकोंक्वोकडे बापाकडून आलेलं काहीच नाही. तो ताडीचं मडकं आणि कोंबडा घेऊन न्वाकिबीकडे जातो, तीन कोठारं, नऊ बायका आणि तीस मुलं असलेल्या मोठ्या माणसाकडे. न्वाकिबी ८०० बेणं देतो, पण बटाईने. राबायचं ओकोंक्वोने, पीक आलं की त्याच्या हाती तिसरा हिस्सा. नेमकं ते वर्ष कोरडं जातं आणि नंतर धो धो पावसाचं. चौदाव्या प्रकरणात त्याच्याकडे पुन्हा काही नाही. उचेंडूचे पाच मुलगे प्रत्येकी ३०० बेणं देतात, म्हणजे १५००. वर घर बांधायला जागा, कसायला दोन-तीन तुकडे जमीन. वाट्याची अट कुठेच नाही. पुरुषांच्या जगातून ८०० आणि तीही तिसऱ्या हिश्श्याने. आईच्या नात्यातून १५०० आणि बिनशर्त. अचेबे हा हिशोब मांडून दाखवत नाहीत. दोन आकड्यांमध्ये अकरा प्रकरणं आहेत आणि दुसरा आकडा एकाच वाक्यात येऊन जातो, म्हणून तो निसटतो. दोन्ही पानांवर खूण करून एकाच तासाला शेजारी शेजारी वाचून घ्या.

दुसरं, लग्न. ओकोंक्वो आल्यानंतर थोड्याच दिवसांत उचेंडूचा धाकटा मुलगा आमिक्वू याचं लग्न लागतं आणि त्यातला शेवटचा विधी आपल्याला दिसतो. त्याला घराण्याच्या लेकी, 'उमुआडा', जमतात. मराठीत सरळ माहेरवाशिणी म्हणा. उचेंडूची थोरली लेक न्जिडे त्यांत आहे, चुलत्यांच्या लेकी आहेत, एकूण २२. त्या जमिनीवर गोल बसतात. मधोमध नवी नवरी, तिच्या उजव्या हातात कोंबडी. शेजारी उचेंडू, हातात पूर्वजांचा दंड. बाकीचे पुरुष गोलाच्या बाहेर उभे राहून पाहतात. प्रश्न विचारते न्जिडे, उत्तर द्यायचं नवरीने, खरं बोल म्हणून बजावून. मग कोंबडीचा गळा कापून रक्ताचे थेंब दंडावर.

हे दृश्य दहाव्या प्रकरणाशेजारी ठेवलं की त्याचं वजन कळतं. तिथे मैदानात नऊ मुखवटाधारी पूर्वज न्यायाला बसतात. मारकुट्या उझोवुलूचा आणि त्याच्या बायकोचा, म्गबाफोचा, खटला आहे, म्हणजे विषय बाईचाच. पण बायका गर्दीच्या कडेला, परक्यासारख्या. म्गबाफोची बाजू मांडतो तिचा भाऊ. चौदाव्यात वर्तुळ उलटं झालंय: आत बायका, बाहेर पुरुष. एका विद्यार्थ्याला दोन्ही दृश्यांत कोण कुठे बसलंय याचा साधा नकाशा काढायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात अर्धं उत्तर आहे.

पण नकाशा काढताना एक बारकावा सुटू देऊ नका. गोलाबाहेर उभ्या पुरुषांबरोबर त्यांच्या बायकाही आहेत. म्हणजे बाई म्हणून कोणी आत नाही. लेक म्हणून आत, सून म्हणून बाहेर. हीच न्जिडे सासरच्या गावी अशाच विधीला कडेला उभी असणार. शिवाय आत बसलेल्या बायका विचारतात काय, तर मागणी घातल्यापासून किती पुरुषांबरोबर निजलीस. माहेरवाशिणींचा मान मोठा आहे, पण तो वापरला जातो नव्या बाईची झडती घ्यायला. मराठी मुलींना हे उलगडून सांगावं लागत नाही. वर्गात कुजबुज सुरू होते ती होऊ द्या.

तिसरं, उचेंडूचं बोलणं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तो मुलगे, मुली आणि भाचा यांना बोलावतो आणि कोडं घालतो. मूल बापाचं, घरात सत्ता बापाची, बायका त्याचं ऐकणार. मग आपण मुलींची नावं 'न्नेका', म्हणजे 'आई श्रेष्ठ', का ठेवतो? आणि बाई मेली की तिला नवऱ्याच्या गावात न पुरता माहेरी का नेतो? ओकोंक्वोला एकाचंही उत्तर येत नाही. उत्तर उचेंडू देतो: बापाने मारलं की पोर आईच्या खोपटात शिरतं. सुखात असताना बापाचं गाव, दुःखात आईचं. तुझी आई तुझ्या राखणीला इथे आहे, इथेच पुरलेली आहे.

'आई श्रेष्ठ' हे वाक्य उत्तरपत्रिकांत ओकोंक्वोच्या, ओबिएरिकाच्या आणि थेट लेखकाच्या तोंडी घातलेलं सापडतं. ते उचेंडूचं आहे आणि प्रश्नाच्या रूपात आलं आहे, घोषणेच्या नाही. त्याच भाषणाचा शेवट तर जवळजवळ कोणीच वाचत नाही. तू स्वतःला जगातला सर्वांत दुःखी समजतोस? माझ्या सहा बायका होत्या, आज एक कोवळी पोर उरलीय. मी २२ मुलं पुरली. मी गळफास घेतला नाही. (एकाच प्रकरणात २२ लेकी जमतात आणि २२ मुलं पुरल्याचं सांगितलं जातं. योगायोग असेल, वर्गात विचारून पाहायला हरकत नाही.) आणि माझ्या लेकीला, आकुएनीला, विचार तिने किती जुळी जन्माला घालून फेकली. (जुळी तिथे अपशकुनी, जन्मताच रानात टाकतात.) पंचविसाव्या प्रकरणात ओकोंक्वो झाडाला लटकलेला सापडतो, ती आत्महत्याही भूदेवीचा अपराध, म्हणून गावकरी त्याला हात लावू शकत नाहीत. 'मी गळफास घेतला नाही' हे वाक्य त्याला मामाने अकरा प्रकरणं आधी ऐकवलेलं असतं, आईच्या गावात बसून.

ओकोंक्वोने त्यातलं काय घेतलं याचा पुरावा एकोणिसाव्या प्रकरणात आहे. म्बांटात त्याला दोन अपत्यं होतात. पहिल्या मुलीचं नाव तो आजोळच्या लोकांची मर्जी राखायला 'न्नेका' ठेवतो. दोन वर्षांनी मुलगा होतो, त्याचं नाव 'न्वोफिया', रानात जन्मलेला. वर आपण ज्या शब्दावर भांडलो तो शब्द इथे आला. वनवास हे लेखकाचं मत नाही, ओकोंक्वोचं आहे. मामा म्हणतो आजोळ, भाचा म्हणतो रान, आणि दोघांची बाजू दोन लेकरांच्या नावात नोंदली गेली आहे. गाईडातलं 'वनवास' भाच्याची बाजू घेतं, नकळत.

याहून बारीक एक गंमत आहे. इग्बो भाषेत 'न्वा' म्हणजे मूल, 'उमु' म्हणजे मुलं, 'ओफिया' म्हणजे रान. न्वोफिया, रानचं पोर. मग उमुओफिया? रानची पोरं. ज्या पितृगावासाठी हा माणूस सात वर्षं झुरतो त्याच्या नावातच रान आहे, आणि तोच शब्द तो आईच्या गावाला हिणवायला वापरतो. कादंबरी हे फोड करून सांगत नाही. तुम्ही सांगा.

दुसरी न्नेकाही विसरू नका. सतराव्या प्रकरणात म्बांटातून ख्रिस्ती होणारी पहिली बाई न्नेका, सधन शेतकरी अमाडीची बायको. दिवस भरत आलेले. आधीची चार बाळंतपणं, चारही वेळा जुळी, म्हणजे आठ मुलं जन्मताच रानात टाकलेली. 'आई श्रेष्ठ' हे नाव मिरवणाऱ्या बाईची आठ लेकरं 'आई श्रेष्ठ' म्हणणाऱ्या गावाने टाकून दिली. ती पळून चर्चमध्ये जाते आणि सासरचे म्हणतात, पीडा गेली. अचेबे या नावावर भाष्य करत नाहीत, नाव ठेवतात आणि पुढे जातात. उचेंडूच्या भाषणाला उत्तर द्यायचं तर ते इथे आहे. ओकोंक्वो आईच्या गावात आसऱ्याला येतो आणि त्याच गावातली एक आई आसरा शोधत गाव सोडते. हद्दपारी आणि स्त्रिया हे दोन प्रश्न का नाहीत, ते या एका परिच्छेदात दिसतं. गाईडांमध्ये या न्नेकाला फार तर अर्धी ओळ मिळते, कधी दोन न्नेकांची एक केलेली असते.

सात वर्षांत ओकोंक्वो बदलत नाही. पवित्र अजगर मारल्याच्या प्रकरणात गाव ख्रिस्ती झालेल्यांशी हाणामारीऐवजी बहिष्काराचा निर्णय घेतं तेव्हा तो मनात म्हणतो, बायकी गाव. जाताना मात्र मोठी मेजवानी घालतो, तीन शेळ्या कापतो. त्या मेजवानीला कसावा येतो एक्वेफीच्या शेतातून. आपला साबुदाणा ज्यापासून होतो तोच हा कंद, आणि तिथे ते बाईचं पीक, यामसारखं मानाचं नाही. परतीचा बेतही त्याने लेकीच्या भरवशावर रचलाय. एझिन्माने म्बांटातली स्थळं नाकारावीत, उमुओफियात लग्न करावं, म्हणजे गावात वजन वाढेल. ती नुसतं ऐकत नाही, सावत्र बहिणीलाही तेच पटवते. तेविसाव्या प्रकरणात बाप कैदेत पडल्याचं कळताच भावी सासरचा २८ दिवसांचा मुक्काम अर्धवट टाकून धावत येते. ही मुलगा असती तर, असं त्याला पुनःपुन्हा वाटतं. मुलगी म्हणून ती काय करते आहे हे त्याला शेवटपर्यंत दिसत नाही.

कादंबरीचं कौतुकच करायला बसलेलो नाही. काही जागा तिने रिकाम्या सोडल्या आहेत आणि त्याही शिकवल्या पाहिजेत. ज्या आईमुळे आसरा मिळाला तिला नाव नाही. तिचा आवाज एकदाच येतो, नवव्या प्रकरणात, डास आणि कानाच्या गोष्टीत, आणि तिथेही बायकांच्या गोष्टी असल्याच खुळचट, असं ओकोंक्वो ठरवून मोकळा होतो. थोरल्या बायकोलाही नाव नाही, ती फक्त न्वोयेची आई. (उत्तरात कोणी तिचं नाव लिहिलं असेल तर ते कादंबरीतून आलेलं नाही.) आणि ओकोंक्वोच्या बायकांची हद्दपारी? त्यांच्या हातून काही घडलेलं नाही. त्या रडत रडत भांडीकुंडी बांधून निघतात. म्बांटा त्यांचं माहेर नाही, सासरही नाही, नवऱ्याचं आजोळ आहे. तिथली सात वर्षं त्यांनी कशी काढली याबद्दल कादंबरी जवळपास गप्प आहे. एमएच्या वर्गाला हाच प्रश्न घालावा. त्याला जोडून फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू' (१९६६) ठेवता आली तर उत्तम. त्याच समाजाची गोष्ट बाईच्या अंगणातून दिसते. इतिहासाची जोड हवी तर १९२९ च्या अखेरीस आग्नेय नायजेरियात बायकांनी कर आणि ब्रिटिशांनी नेमलेले मुखिये यांविरुद्ध केलेला उठाव सांगा. त्यात पन्नासहून अधिक बायका गोळीबारात मारल्या गेल्या. कादंबरीतल्या कडेला उभ्या बायका वाचून जे चित्र तयार होतं, त्याला हा उठाव चांगलाच धक्का देतो.

आता मागणं.

वेळापत्रकात या कादंबरीला बारा तासिका असतील तर आज पहिल्या भागावर, म्हणजे हद्दपारीपर्यंतच्या तेरा प्रकरणांवर, सात-आठ जातात, शीर्षक जिच्यातून आलं त्या येट्सच्या कवितेवर एक, आणि दुसरा भाग, म्हणजे म्बांटातली वर्षं, उरलेल्या वेळात 'कथानक' म्हणून उरकला जातो. त्याऐवजी पहिल्या भागाला पाच, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला दोन आणि एक चर्चेला ठेवा. येट्सला दहा मिनिटं पुरतात. दुसऱ्या भागाच्या चारांपैकी दोन एकट्या चौदाव्या प्रकरणाला: एक बेण्याच्या हिशोबाला आणि लग्नाच्या वर्तुळाला, दुसरी उचेंडूच्या भाषणाला, आणि ते मोठ्याने वाचून. तिसरी मिशनरी, दोन्ही न्नेका आणि न्वोये यांना. न्वोयेचं जाणं आईच्या गोष्टींपासून सुरू करा. मर्दानी लढायांच्या गोष्टींपेक्षा त्याला कासव आणि गिधाडाच्या गोष्टी आवडत, आणि बापाला सोडताना त्याच्या मनात असतं ते पुढे परत येऊन आई आणि भावंडांना आपल्याकडे ओढायचं. चौथी तासिका मेजवानी आणि परतीच्या बेताला.

पहिल्या भागाच्या पाचांत आठव्या प्रकरणातला न्दुलुए आणि ओझोएमेना या म्हाताऱ्या नवराबायकोचा प्रसंग सोडू नका. नवरा गेल्याचं कळल्यावर म्हातारी आपल्या खोपटात जाऊन निजते ती उठतच नाही. न्दुलुए तिला विचारल्याशिवाय काही करत नसे हे ऐकून ओकोंक्वो म्हणतो, मला तर तो तरुणपणी जबरा वाटायचा. पुढच्या सात वर्षांचं सगळं बीज त्या गोंधळलेल्या वाक्यात आहे.

प्रश्नपत्रिकेत दहा गुणांचा एकच प्रश्न घाला: 'ओकोंक्वोची हद्दपारी त्याच्या आईच्या गावी होते. या निवडीतून कादंबरी स्त्रीच्या स्थानाबद्दल काय सांगते आणि काय सांगत नाही?' गुणविभागणी सुचवतो: गुन्ह्याचा प्रकार आणि भूदेवी २, चौदाव्या प्रकरणातले तपशील ३, न्नेका-न्वोफिया आणि दुसरी न्नेका ३, कादंबरीच्या मौनाला २. दुसऱ्या घटकाला तपशील मागा, 'आई श्रेष्ठ' एवढ्यावर तीन गुण देऊ नका. वर्षानुवर्षं पाठ केलेली उत्तरं या प्रश्नाला चिकटवता येत नाहीत, हा त्याचा दुसरा फायदा.

गाईड लिहिणाऱ्यांना एवढंच: पुढची आवृत्ती काढताना दुसऱ्या भागाचा सारांश पुन्हा लिहा, 'वनवास' काढा, ओबिएरिकाच्या दोन भेटींचा काळ दुरुस्त करा. पहिली दुसऱ्या वर्षी, कवड्यांच्या थैल्या आणि गोऱ्यांनी अबामे गाव संपवल्याची बातमी घेऊन. दुसरी त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, न्वोये उमुओफियात मिशनऱ्यांबरोबर दिसल्याचं सांगायला. आणि नावं देवनागरीत देताना एकदाच ठरवून द्या. 'नेका' नव्हे, 'न्नेका'. त्यातलं 'न्ने' म्हणजेच आई, आणि एक न गाळला की तीच गळते.

कळावे.

ही कादंबरी वर्गात शिकवणारे काही जण